पाच वेळा, मग चार वेळा

या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर हसायला म्हणून वाचत आलो, हे आधीच सांगून टाकतो. बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि वर म्हणायचो, "या माणसाची अर्थिंग गेलीय." माझा धंदाच तसा आहे. तीस वर्षं धुळ्यात गाड्यांची वायरिंग केली. करंट कुठून येतो आणि कुठे जातो, एवढंच बघायचं. येत नसला तर वायर कुठेतरी तुटलेली असते, आणि ती जागा सापडतेच... आज नाही तर उद्या. भूतखेत, नजर, करणी असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. आजही नाही. म्हणूनच हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय.

साल १९९८. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. माझं दुकान आग्रा रोडला लागून, गॅरेजांच्या ओळीत पाचवं. एका बाजूला रेडिएटरवाला, दुसऱ्या बाजूला टायरवाला, समोर चहाची टपरी. त्या ओळीत मी जरा भाव खाऊन असायचो, कारण इंग्रजी पुस्तक उघडून वाचणारा मी एकटाच. बाकीचे हातानं शिकलेले. मीही हातानंच शिकलेलो, पण डिक्शनरी घेऊन बसायचो. त्याचा मला गर्व होता, हे आज कबूल करायला हरकत नाही.

एके दिवशी नाना आपली गाडी घेऊन आले. नाना मूळचे शिंदखेड्याचे, तेलाचे व्यापारी, राहायला धुळ्यात देवपूरला. त्यांचा मुलगा बरीच वर्षं सिंगापूरला होता. परत येताना त्यानं जहाजातून एक जपानी गाडी आणली, स्वतः पुण्याला नोकरीला लागला आणि गाडी आईवडिलांकडे ठेवली. अशी गाडी आमच्या ओळीत पहिल्यांदाच येत होती. दार बंद केलं तर आवाज असा यायचा की टायरवाला तीन-तीनदा दार लावून बघत होता.

नानांची तक्रार एकच. मीटरमध्ये एक लाल दिवा सारखा जळत राहायचा. मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, हा एअरबॅगचा दिवा, तो दुरुस्त झाल्याशिवाय गाडी वापरू नका. त्यानं पुस्तकाच्या झेरॉक्सही पोस्टानं पाठवल्या होत्या.

एअरबॅग! मी तोपर्यंत फक्त चित्रात पाहिली होती. धुळ्यात कोणाला विचारणार? दोन दिवस ती झेरॉक्स पानं घेऊन बसलो. पद्धत मोठी गमतीची होती. डॅशबोर्डखाली चाचणीसाठी एक छोटं सॉकेट असतं. त्याच्या ठराविक दोन टोकांमध्ये वायरचा तुकडा अडकवायचा आणि किल्ली फिरवायची. मग तोच लाल दिवा लुकलुकून कोड सांगतो. आधी दहाचा आकडा, थोडं थांबून एककाचा. आपण मोजायचं आणि पुस्तकात बघायचं. वायरचा तुकडा काढला की लुकलुकणं बंद. हे नीट लक्षात ठेवा — वायर अडकवल्याशिवाय तो दिवा कोड सांगू शकत नाही. एक तर तो नुसता जळतो, नाहीतर विझलेला असतो.

मी तुकडा अडकवला. दिवा पाच वेळा लुकलुकला. थांबला. मग चार वेळा.

चोपन्न. पुस्तकात चोपन्नपुढे लिहिलं होतं: पुढच्या प्रवाशाची एअरबॅग, सर्किट तुटलेलं.

कारण शोधायला दहा मिनिटंही लागली नाहीत. डॅशबोर्डवर डाव्या बाजूला देवीची पितळी मूर्ती बसवलेली होती. गाडी दारात आली त्या दिवशी रीतसर पूजा झाली होती, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं. मग देवी कुठे बसवायची असा प्रश्न निघाला. आणि डावीकडे बघतात तर काय, छान सपाट, चौकोनी जागा, भोवती बारीकशी रेघ! नाना मला मोठ्या कौतुकानं सांगत होते, "जपानवाल्यासनी देवीसाठे पाटच करी ठेयेल शे!" त्यांनी स्वतःच्या हातानं दीड-दीड इंची चार स्क्रू पिळून त्या पाटावर देवी पक्की केली होती.

तो पाट म्हणजे एअरबॅगचं झाकण. धडक बसली की ते झाकण उघडून फुगा बाहेर पडतो. म्हणजे उद्या फुगा फुगलाच असता तर पितळी देवी पुढच्या माणसाच्या तोंडावर आली असती. मी जपून स्क्रू काढले. तीन वायरी चुकवून गेले होते, चौथा मात्र आतल्या, फुगा ठेवलेल्या डबीच्या वायरी तोडून गेला होता. ती डबी उघडायची नसते, जोडायची नसते, बदलायचीच असते. आणि नवी डबी खानदेशात तर सोडाच, मुंबईतही कोणाकडे नव्हती. मी तीन ठिकाणी फोन केले.

आता मी काय केलं ते सांगतो. या सगळ्या प्रकारातला हा एकच भाग मला पुरता समजतो.

पुस्तकात चाचणीची एक युक्ती दिली होती. एअरबॅगचं पिवळं कनेक्टर काढायचं आणि तिच्या जागी दोन ओहमचा रेझिस्टर, म्हणजे करंट अडवणारा एक छोटा तुकडा, लावायचा. एअरबॅगवर लक्ष ठेवणाऱ्या कंट्रोल बॉक्सला वाटतं एअरबॅग जागेवर आहे. दिवा विझला तर वायरिंग ठीक आणि दोष एअरबॅगमध्ये, असं समजायचं. चाचणीपुरता, बरं का. मी रेझिस्टर लावला, कोड पुसला, दिवा विझला. वायरिंग ठीक होतं.

रेझिस्टर तिथेच राहू दिला. नानांना सांगू, असं मनात होतं. खरंच होतं. पण संध्याकाळी नाना आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन, आणि अक्कांना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, सोबत घेऊन. किल्ली फिरवली. लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला. साऱ्या धुळ्यात कोणाला जमलं नाही ते मी केलं, असं नानांनी सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं म्हटलं, "बठ्ठा धुयामा कोनले जमनं नही ते तू कयं, सुभाष!" टायरवाला, रेडिएटरवाला, चहावाला सगळे जमले. माझ्या हातात पेढा. मी खाली बघत म्हणालो, "वायर तुटली होती नाना, जोडली. देवी आता मधल्या जागेवर चिकटवा, स्क्रू मारू नका."

झालं. एवढंच खोटं. मनाशी म्हटलं, धुळ्यात हजारो गाड्या बिनएअरबॅगच्या फिरतात, त्यात ही एक. कोणाचं काय बिघडतंय?

अक्का गाडीत डावीकडे बसल्या होत्या. पेढा घेतला आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

हे झालं मंगळवारी. शुक्रवारी नाना परत दारात. म्हणाले, काल जळगावला गेलो होतो, दिवा परत लागला. जळत नाही, लुकलुकतो. मी म्हटलं शक्यच नाही. तुमच्यासमोर बघतो. किल्ली फिरवली, दिवा शहाण्यासारखा विझला. गाडी चौकापर्यंत फिरवून आणली, काही नाही. वायरचा तुकडा अडकवून कोड तपासला. कंट्रोल बॉक्सच्या मेमरीत एकही कोड नाही. कनेक्टर उघडून रेझिस्टर मोजला, दोन ओहम. नानांना म्हटलं, "उन्हाची तिरीप पडली असेल काचेवर." नाना गेले.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा. या वेळी अक्काही गाडीत होत्या. नाना म्हणाले, "मी रस्ता पाहतो, मला नीट कळत नाही. हिला विचार." मी वाकून अक्कांना विचारलं, दिवा नेमकं काय करतो?

अक्का म्हणाल्या, "पयले पाच डाव लुकलुकस. मंग उगा ऱ्हास. मंग चार डाव. मंग पयलेपासून."

माझ्या हातात टेस्टर होता, तो तसाच राहिला. मी विचारलं, "तुम्ही मोजलंत?"

"गाडीमा माले मळमळ व्हस. डोकं दुसरीकडे जावाले पाहिजे, म्हनीसन मी रस्तावरला निंब मोजस. आते दिवा मोजस." मग त्या जरा हसल्या. "हाऊ दिवा माले काहीतरी सांगी ऱ्हायना."

पाच आणि चार. तो आकडा मी कोणालाच सांगितला नव्हता, नानांनासुद्धा. झेरॉक्स पानं माझ्या दुकानातल्या ड्रॉवरमध्ये होती. अक्का मराठी चौथी शिकलेल्या. त्यांना काय माहीत चोपन्न म्हणजे काय ते?

मी गाडी दोन दिवस ठेवून घेतली. खरं सांगतो, भीती अशी वाटत नव्हती. उलट हात शिवशिवत होते! असा दोष आयुष्यात पाहिला नव्हता. चाचणीचं सॉकेट आधी साफ केलं, आत ओल किंवा पत्र्याचा कण असेल तर जावा म्हणून, आणि वर इन्सुलेशन टेप गुंडाळून बंदच करून टाकलं. बॅटरीची अर्थिंग नवी केली. कंट्रोल बॉक्सचं कनेक्टर काढून पिन ना पिन पाहिली. मग नानांना सोबत घेऊन पारोळ्याच्या रस्त्यानं फागण्यापर्यंत गेलो. नाना चालवत होते, मी मागे बसलो, म्हणजे दोन्ही सीटांच्या मधून मीटर दिसतं. डावी सीट रिकामी. दिवा विझलेला. जाऊन आलो, काही नाही.

नाना म्हणाले, "अक्का बसते तेव्हाच होतं ते."

म्हटलं वजनाचा प्रश्न असेल. सीट दबली की खालची एखादी वायर चिमटत असेल. जवळच्या दाणेवाल्याकडून ज्वारीचं पोतं आणलं, अंदाजे अक्कांच्याच वजनाचं (हे अक्कांना सांगू नका, अशी नानांनी ताकीद दिली), आणि डाव्या सीटवर ठेवलं. पुन्हा फागणे. पोतं झोकात बसून आलं, दिवा काही लागला नाही.

मग मी स्वतः बसलो.

शहर सुटलं, रस्ता मोकळा झाला आणि दिवा लागला. पाच. थांबला. चार. भर दुपार, बारा वाजलेले, दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, बायका ओळीनं वेचत होत्या. इतका साधा दिवस. आणि तो दिवा सावकाश, न चुकता, पुस्तकात दिलेल्या वेगानं लुकलुकत होता. मी पंधरा वेळा मोजलं. पंधराही वेळा चोपन्न.

दुकानात परत आलो आणि डावी सीट चार बोल्ट काढून बाहेर घेतली. सीटखाली गालिचा होता. गालिच्याखाली पत्रा. एकही वायर नव्हती. त्या काळच्या गाड्यांत सीटवर कोणी बसलंय की नाही हे कळण्याची सोयच नसायची. कंट्रोल बॉक्सला माणूस काय आणि पोतं काय, सारखंच... किंवा दोन्ही नाहीत. आणि त्या बॉक्सच्या दृष्टीनं एअरबॅग अगदी उत्तम होती. मीच त्याला तसं भासवलं होतं. ती तुटलीय हे साऱ्या जगात फक्त मला माहीत होतं.

त्या रात्री जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं तर म्हटलं, एक फॉल्ट सापडत नाहीये.

पुढच्या गुरुवारी मी नानांना म्हणालो, मीही जळगावला येतो, मला अक्का बसलेल्या असताना बघायचंय. सकाळी आठला निघालो. नाना चालवायला, अक्का डावीकडे, मी मागे मधोमध, मांडीवर मीटर आणि पक्कड. फागणे मागे पडलं आणि दिवा सुरू झाला. अक्का ओठातल्या ओठात मोजत होत्या. मीही मोजत होतो.

तेवढ्यात माझं लक्ष गेलं, अक्कांनी पट्टा लावलेला नव्हता. तसा त्या काळी धुळ्यात पट्टा कोण लावत होतं म्हणा! पण नानांनी लावलेला होता. सहज म्हटलं, "अक्का, पट्टा?"

"माले पट्टा सोसस नही रे भाऊ," अक्का म्हणाल्या आणि पदर डाव्या खांद्यावर सारखा केला.

मग नानांनी रस्त्यावरची नजर न काढता सांगितलं. अक्कांच्या डाव्या छातीत गाठ निघाली होती. दिवाळीआधी जळगावला ऑपरेशन झालं. दर गुरुवारी जातो ते त्याच डॉक्टरांकडे, औषध टोचायला. पट्टा डाव्या खांद्यावरून येतो तो बरोब्बर जखमेवर. मागे बसलं तर त्यांना उलट्या होतात, पुढे सीट कलती करून बसलं तरच प्रवास सोसतो. मुलाचं म्हणणं होतं, पट्टा नाही तर आईला पुढे बसवू नका. शेवटी नानांनी त्याला समजावलं होतं, अरे, पट्टा नसला तरी पुढे फुगा आहे ना!

"फुगा शे ना!" अक्का पण म्हणाल्या. "तूच ते ठीक करी देयेल शे."

मुकटी गाव मागे गेलं होतं, नाना साठच्या पुढे चालवत होते, समोरून ट्रकांवर ट्रक. नानांनी तो दिवा दुरुस्त करण्याचा एवढा ध्यास का घेतला होता ते मला आत्ता कळत होतं. ते हौसेखातर नव्हते आले माझ्याकडे. बायकोचा जीव माझ्या हातात देऊन गेले होते, आणि मी तिथे दोन ओहमचा तुकडा अडकवून पेढा खाल्ला होता. इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही.

दिवा लुकलुकत होता. एक, दोन, तीन, चार, पाच.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, तेही घरच्या बोलीत, "अक्का, तो फुगा फुगाव नही. मी दिव्याले फसाडेल शे."

दिवा थांबला होता. पाच झाले होते, आता चार यायचे. मी वाट बघत होतो. अक्काही बघत होत्या. रस्त्याकडेची एक निंबाची रांग गेली, दुसरी गेली.

चार आलेच नाहीत.

अक्का हळूच म्हणाल्या, "चार कोठे ग्यात?"

नानांनी गाडी बाजूला घेतली. पारोळ्याच्या अलीकडे, एका विहिरीशेजारी. इंजिन बंद केलं. मी सगळं सांगितलं. स्क्रू, डबी, रेझिस्टर, पेढे, सगळं. नाना खाली उतरले आणि कापसाच्या शेताकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटलं आता हे मला इथेच उतरवणार, आणि उतरवायलाच पाहिजे होतं. मी अक्कांकडे बघू शकत नव्हतो.

अक्काच बोलल्या. "पेढा खाता खाता कोनी खाले देखस का रे भाऊ?"

मी मान वर केली.

"तवयच माले वाटनं, ह्या पोऱ्याना पोटमा काहीतरी शे. तू बोलशी का नही, हाई मी देखी ऱ्हायंतू."

"मग तुम्ही पुढे का बसत राहिलात, अक्का?"

"मांगे बसनू का ओकारी येस," त्या म्हणाल्या. "आनि तू बोलशी, असं वाटे."

मी तिथेच, रस्त्याच्या कडेला, डॅशबोर्डखाली डोकं घालून रेझिस्टर काढला. किल्ली फिरवली. दिवा लागला आणि जळतच राहिला, एकसारखा, न लुकलुकता. पुस्तकाप्रमाणे तसंच व्हायला पाहिजे होतं. एअरबॅग नाही, तर दिवा जळणारच. मी नानांना म्हणालो, हा आता असाच राहू द्या. हा खरं सांगतोय. नानांनी मागचं दार उघडून आपली शाल काढली, तिची चौपदरी घडी घातली आणि अक्कांच्या खांद्यावर ठेवून वरून पट्टा लावला. अक्कांनी जरा तोंड वाकडं केलं, मग म्हणाल्या, "सोसस."

घरी गेल्यावर त्यांनी जुन्या लुगड्याची जाड पट्टी शिवली, आत कापूस भरून, पट्ट्याभोवती गुंडाळता येईल अशी. दर गुरुवारी ती पट्टी, तो पट्टा आणि मीटरमध्ये जळणारा लाल दिवा, असा त्यांचा प्रवास चालू राहिला.

आता पुढचं सांगतो, आणि आधीच सांगतो की याचा दिव्याशी संबंध जोडायचा की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं. संक्रांतीनंतरचा दुसरा की तिसरा गुरुवार. जळगावहून परत येताना पाळधीच्या अलीकडे, सरळ रस्त्यावर, पुढचा ट्रॅक्टर अचानक थांबला आणि नानांची गाडी ट्रॉलीवर जाऊन आदळली. दुपारचे चार. नानांच्या बाजूचा फुगा फुगला, त्यांच्या नाकाला खरचटलं. डावीकडे फुगणारं काही नव्हतंच. अक्का पट्ट्यात अडकून पुढे गेल्या आणि परत मागे आल्या. जखमेला काही झालं नाही. खांद्यावर महिनाभर एक काळानिळा डाग राहिला, तेवढंच. काचेचा डावा भाग पूर्ण फुटला होता. मी ती गाडी ओढून आणायला गेलो तेव्हा अक्कांच्या सीटसमोर उभा राहिलो, आणि तिथे खाली बसून रडलो. ट्रॅक्टरवाला मला मालक समजून माझी समजूत घालत होता.

आठवडाभरानं अक्कांना भेटायला देवपूरला गेलो. अंगणात उन्हात बसल्या होत्या, मांडीवर ती कापसाची पट्टी, एका बाजूनं उसवलेली, ती शिवत होत्या. मी विचारलं, "अक्का, त्या दिवशी आधी दिवा लुकलुकला होता का?"

अक्कांनी सुईत दोरा ओवला. म्हणाल्या, "नही. त्याले आते काय काम शे?"

अक्का त्यानंतर बरीच वर्षं जगल्या. त्यांनी नातवंडं पाहिली. गाडी नानांनी नंतर विकून टाकली. मी ओळीतल्या सगळ्यांना, टायरवाल्यासकट, खरी गोष्ट सांगून टाकली. महिनाभर मला सगळे "पेढेवाले" म्हणत होते. त्यानंतर माझ्या हातानं एकही दिवा असा विझला नाही की ज्याची गोष्ट मालकाला माहीत नाही.

या तेवीस-चोवीस वर्षांत मी ही गोष्ट पुष्कळ जाणकारांना सांगितली. नाशिकच्या एका इंजिनिअरनं सांगितलं, सॉकेटमध्ये ओल असेल. मी म्हटलं, सॉकेटवर टेप होती, आणि ओल असती तरी मेमरी कोरी होती, मग चोपन्न आलं कुठून? दुसऱ्यानं सांगितलं, रेझिस्टरचा सांधा ढिला असेल, हादऱ्यानं सुटत असेल. तसं असतं तर दिवा नुसता जळला असता आणि मेमरीत नोंद झाली असती. आणि माणूस बसला की लागतो, पोतं ठेवलं की लागत नाही, याचं उत्तर तर कोणाकडेच नव्हतं. एकानं म्हटलं, तुम्हाला अपराधी वाटत होतं म्हणून तुम्हाला तसं दिसलं. असेल. पण अक्कांना कसलं अपराधी वाटत होतं?

वाचकांपैकी कोणी गाड्यांचं इलेक्ट्रिकल जाणणारं असेल तर जरूर कळवावं. मी खरंच विचारतोय. देवी नाराज झाली, असलं काही मात्र कळवू नये, कारण देवी तेव्हा मधल्या जागेवर दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर मजेत होती.

तो रेझिस्टर अजून माझ्याकडे आहे, कुंकवाच्या एका रिकाम्या डबीत. दुकान आता बंद केलं, पण मीटर घरी आहे. अधूनमधून डबी उघडतो आणि मोजतो. दोन ओहम. काल हे लिहायला बसण्याआधीही मोजला. दोन ओहम, अगदी बरोबर.